गोठा अपडेट : भिंत अजून ओलीच, पण चोर सापडला

मंडळी, कोकणातल्या आमच्या जुन्या जांभ्या दगडाच्या गोठ्याची पाहुण्यांसाठी खोली करतोय, त्याच्या चुन्याच्या गिलाव्याचे फोटो एप्रिलमध्ये मोठ्या तोऱ्यात दाखवले होते ना, ते विसरा. जुलैत त्या भिंतीवर तळहाताएवढा डाग आला आणि गणपती येईपर्यंत अख्ख्या दावणीच्या लांबीला, जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत भिंत काळी ओली. वर पांढरी लव, बोट लावलं की पोपडा हातात.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर रडगाणंच होईल. छप्पर एक थेंब गळलं नाही! जुनी मंगलोरी कौलं एकेक बोटाने वाजवून घेतली होती, टणटण वाजलं ते ठेवलं, भद्द वाजलं ते बाजूला, त्याचं चीज झालं. आठ-दहा कौलांवर बासेल मिशनचा शिक्का निघाला, त्यांचा मंगळूरचा कारखाना 1865 चा, आमची कौलं बरीच नंतरची असणार पण ती मी मुद्दाम दारावरच्या ओळीत लावलीत. रोज जाता-येता बघतो, हसू नका.

आता भिंत. माझा संशय पहिल्यापासून डोंगराकडच्या पाण्यावर, म्हणून मे महिन्यात दोन फूट चर खणला, खडी भरली, पाइप टाकला, नव्वद सालच्या सुमाराचं सिमेंट प्लास्टर सगळं खरवडून काढलं होतंच. तरी ओल. गवंडीकाका म्हणाले डांबर मारूया, तालुक्याच्या दुकानदाराने वॉटरप्रूफिंगचा डबा पुढे केला, "पाच वर्षं गॅरंटी". जांभ्याला रेनकोट घातला की आतलं पाणी जाणार कुठे, हे त्याला विचारलं तर म्हणाला मग दोन डबे मारा.

मग एक दिवस चहा पिताना लक्षात आलं की डोंगराकडची भिंत खडखडीत कोरडी आहे, ओली आहे ती उताराकडची! शिवाय ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप होती तरी डाग हलला नाही, उलट सकाळी जास्त ओला, दुपारी जरा फिका. पाणी खालून येत असतं तर असं झालं असतं का? आत्याला दाखवली भिंत, ती बघताक्षणी म्हणाली, "अरे, इथे गुरांची मागची बाजू असायची, मुताची नाली हीच." झालं. गव्हाण समोर, नाली इथे, आणि पन्नास-साठ वर्षं चार जनावरं.

मुतातल्या नत्राचं जिवाणू नायट्रेट करतात, ते चुन्याशी मिळून भिंतीत बसतं. हा क्षार, कॅल्शियम नायट्रेट, हवेत पन्नासेक टक्के दमटपणा झाला की स्वतःच पाणी ओढायला लागतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा ऐंशीच्या खाली येतेच कुठे. म्हणजे भिंत जमिनीतून नाही, हवेतून पाणी पितेय. (पूर्वी बंदुकीच्या दारूचा सोरा, म्हणजे नायट्रेटच, गोठ्याच्या मातीतून काढायचे, बिहारातून कंपनी सरकार जहाजं भरून न्यायचं, ते आठवलं.)

खात्री करायची म्हणून दोन भिंतींचा भुगा काढला, ओव्हनमध्ये वाळवला, प्रत्येकी पन्नास ग्रॅम. बंद डब्यात वाटीभर मिठाचा चिखल ठेवला, त्याने आतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर राहते. चार दिवसांनी डोंगराकडचा भुगा जेमतेम पन्नास, नालीकडचा साडेत्रेपन्न! मग मत्स्यालयवाल्यांच्या नायट्रेट पट्ट्या आणल्या, भुगा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळला, पट्टी गडद गुलाबी. घरात एकटाच नाचलो.

एक सांगायचं राहिलं. गिलाव्यासाठी मी कळीचा चुना तीन महिने भिजवून वापरला, पण खालच्या कोपऱ्यात कमी पडला म्हणून "शुद्ध चुना" लिहिलेली एक बॅग आणली होती. परवा त्यातला गोळा पाण्याखाली ठेवला, साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही, हा सकाळी दगड. सिमेंट घातलेलं. कोपऱ्यातले पोपडे सगळ्यात वाईट का, ते कळलं. तयार बॅगेच्या नादी लागू नका.

उपाय म्हणून ठरवलं होतं की थंडीत हवा कोरडी झाली की कागदाचा लगदा, शाडू आणि वाळू यांचा ओला लेप द्यायचा, वाळताना क्षार त्यात ओढले जातात, मग खरवडून फेकायचा आणि परत द्यायचा. आधी हातभर तुकड्यावरच. शाडू घरात उरलेला आहेच.

पण हे लिहितालिहिता डोक्यात आलं, ही भिंत खोलीत हवीच कशाला? मधला कूड एक खण आत घेतला तर नालीकडची बाजू उघडी पडवी होईल, जांभा बिनगिलाव्याचा, वारा आरपार, ओला झाला तर होऊ दे. नालीवर लाकडी बाक टाकता येईल. खोली चार फुटांनी लहान होते, दुसरा पलंग बसत नाही, न्याहारी-निवासची नोंदणी करताना एक बेड कमी लिहावा लागेल. बायको म्हणते पाहुणे पडवीतच बसतात, झोपायला कोण येतं कोकणात. लेप तरी द्यायचाच, नाहीतर क्षार वाशांच्या टोकाकडे सरकतील.

कुणी गोठ्यात लेप दिलाय का, किती वेळा लागला? उद्या गवंडीकाकांना सांगायचंय की त्यांनी भर उन्हात घातलेला गिलावा उतरवायचाय. आधी मासे आणतो, मग सांगतो.