विठोबाशी भांडत गेलेली दिंडी

त्या साली मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली तरी ढग नुसतेच तोंड दाखवून पुढं सरकायचे. घरोघरी सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या तशाच बांधलेल्या, आणि आमची दिंडी गंगाखेडहून निघाली. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, पेरणी तोंडावर असताना शेतकरी घर सोडून चालायला निघतोच कसा. पेरणी झालेली असली तर माणूस निवांत मनानं निघतो. झालेली नसली तर ओट्यावर बसून आभाळाकडं बघत राहायचं, त्यापेक्षा ज्याच्याकडं गाऱ्हाणं मांडायचं त्याच्याच दारात जाऊन बसावं, असा आमच्याकडचा हिशोब आहे.

दिंडी लहान. ना घोडा, ना चोपदार. पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी, मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आणि सगळ्यांच्या मागं टेम्पो. टेम्पोत पिठाची पोती, पातेली, पालाची ताडपत्री आणि दमलेली एक-दोन माणसं. गोदाकाठच्या जनाबाईच्या मंदिरात आरती झाली, विणेकरीबुवांनी सूर धरला आणि अभंग निघाला तो कोणता? ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’.

लहानपणापासून ऐकतोय, तरी निघतानाच्या मुहूर्ताला हा अभंग कानावर पडला की जरा दचकायला होतंच. देवाला उघड्या शिव्या आहेत त्या. तुझं मढं गेलं, तुझी बायको रंडकी झाली, असलं सगळं म्हणून झाल्यावर शेवटी जनाबाई स्वतःच सांगते, ‘उभी राहुनी अंगणी, शिव्या देत दासी जनी’. दमा आणि करुंड यांची ही गंगाखेडची लेक. बापानं पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवली आणि नामदेवांच्या त्या भरल्या घरात तिचा जन्म दळण, कांडण, झाडलोट करण्यात गेला. तिनं हक्कानं आवाज चढवावा असं त्या घरात कोण होतं? मालकाला बोलायची सोय नाही, शेजाऱ्याला नाही. राहिला विठोबा. तोच तिच्या अभंगांत तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. एवढं काम करणाऱ्यावर ओरडायलाही काही वाटत नाही. कीर्तनकार हा अभंग सांगताना फार सारवासारव करतात, गूढार्थ काढतात. काढोत. मला ती अंगणात उभी राहून कडाकडा बोलणारी जनीच खरी वाटते.

आमच्या दिंडीत एक मावशी होत्या. मोडीत निघाल्यासारखं शरीर, पण चालण्यात तरण्या पोरांना मागं टाकायच्या. दोन एकर कोरडवाहू, मुलगा ट्रॅक्टरवर मजुरीला. त्यांचं विठोबाशी दिवसभर काही ना काही चाललेलं असायचं. चप्पलचा अंगठा तुटला तरी त्याच्यावरच बिल. “बघ रे, एवढंच ऱ्हायलं होतं!”

परळीला पोचलो तेव्हा त्या एकदम गप्प. वैजनाथाच्या पायऱ्या चढताना पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, शब्द नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, “मावशी, इथं कामून भांडला नाहीत?”

“महादेवासंगं कुणी भांडतं का बाप्पा! तो भोळा हाय, पर तापट हाय.”

गावाकडं पाऊस फारच लांबला तर गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाला कोंडतात हे खरं. पण ती धाकधपटशाची गोष्ट झाली, सगळं गाव मिळून करायची. एकट्या बाईनं चालता चालता उणंदुणं काढावं असा तो नव्हे. परळी सोडताना औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या. पाणी नाही म्हणून २०१५ साली ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. मावशींनी तिकडं बघून हात ओवाळल्यासारखा केला आणि लगेच आपल्या नेहमीच्या माणसाकडं वळल्या, “तुला ठावं हाय ना सगळं?”

अंबाजोगाईच्या वाटेवरच्या घाटानं माझ्या पायांची वाट लावली. संध्याकाळी मुक्कामावर टाचेला लिंबाएवढा फोड. मावशींनी कनवटीची सुई काढली, दिव्याच्या ज्योतीवर धरली, तिच्यात पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडली. पाणी थेंब थेंब दोऱ्यावरून उतरायला लागलं. वरून हळद आणि गोडंतेल. “कातडी काढू नगंस, सकाळी आपोआप बसती,” म्हणाल्या. बसलीही. रात्री पिठलं-भाकरी खाताना लक्षात आलं, हे सगळं करताना त्यांचं तोंड चालूच होतं. लेकराचे पाय कसे केलेस रे, तुला काय विटेवर नुसतं उभं ऱ्हायचं.

अंबाजोगाई म्हणजे ज्ञानवंतांचं गाव. मुकुंदराजांनी विवेकसिंधु लिहिला तो शके १११० चा, दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरण हा ग्रंथ लिहिला. दोघांच्या समाध्यांवर डोकं टेकवलं, योगेश्वरीची ओटी भरली गेली, आणि खरं सांगायचं तर दिंडीतलं निम्मं लक्ष पायांवरच होतं. आमच्या मराठवाड्यात नर्सीला नामदेव, गंगाखेडला जनाबाई, तेरला गोरोबाकाका, पैठणला नाथ. संतांची टंचाई इथं कधी पडली नाही. पाण्याची पडते.

ती टंचाई कळंबजवळ मांजरा नदीच्या पुलावर डोळ्यांनी दिसली. पात्रात वाळू, मधे एक हिरवट डबकं, त्यात दोन म्हशी. याच नदीवरच्या धरणानं तळ गाठला म्हणून २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दिंडी आपोआप थांबली. मावशींनी डोक्यावरची तुळस एका पोरीकडं दिली, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि सुटल्या. “आरं ए काळ्या! चंद्रभागेत पाय सोडून बसलास व्हय? तुला तुळशीला पानी लागतं, आमाला लागत न्हाई? लेकराच्या डोक्यावर बियान्याचं कर्ज. पाऊस कामून नाही पाडायलास? येतो मी तुझ्या दारात, तोंड कुठं लपिवतोस ते बघतो!” आमच्याकडच्या बाया रागात आल्या की कधी कधी अशा पुरुषी बोलतात.

हसावं की काय करावं कुणाला कळेना. विणेकरीबुवांनी मात्र त्यांना थांबवलं नाही. वीणा छेडून नामदेवांचा अभंग उचलला, ‘पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा’. आम्ही उचलून धरला. पुढं ‘घेसी तेव्हा देसी ऐसा अससी उदार’ आलं तेव्हा मावशी डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. देवाला उदार म्हणून टोमणा मारायचा आणि परत फिरण्याची धमकी द्यायची, ही नामदेवांची रीत. दिंडीत कुणालाही त्यात नास्तिकपणा दिसला नाही. उलट पुलावरून पुढं निघाल्यावर चाल वाढली.

आमची दिंडी वाट वाकडी करून तेरला मुक्काम करते. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचं मंदिर. चिखल तुडवताना नामस्मरणात पोटचं लेकरू पायाखाली आलं ही त्यांची कथा मला आजवर पचलेली नाही, आणि कीर्तनात ती रंगवून सांगितली की मी बाहेर येऊन उभा राहतो. तसाच उभा होतो. मावशी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “सगळे त्याचीच गोष्ट सांगत्यात. त्याच्या बायकोनं, संतीनं काय केलं ते बघ. मारायला आला तवा विठोबाचीच आण घातली त्याला, हात लावू नको म्हून. ज्याच्यापायी लेकरू गेलं, त्यालाच मधी उभा केला.” मी ही बाजू कधी धरलीच नव्हती. संतीचा एकही अभंग नाही. तिची आण तेवढी कथेत राहिली, आणि गोरोबांनी ती पाळली.

येडशीचा घाट उतरून बार्शीच्या शिवेला लागलो आणि पावसानं गाठलं. असा पाऊस की पखवाजाला ताडपत्री गुंडाळावी लागली. पोरं रस्त्यात नाचायला लागली, फुगड्या सुरू झाल्या. मावशी एका बाभळीखाली पदर पिळत उभ्या. चेहरा आंबटच. “हितं पाडलास. ह्यांचं ऊस हाय, ह्यांना कशाला?” घरी फोन लावला. मुलानं सांगितलं, बाजूच्या शिवारात सडा पडला, आपल्याकडं टिपूस नाही.

पंढरपूरची गर्दी काय सांगावी. पदस्पर्शाची रांग आमच्या आवाक्यातली नव्हती. कळसाला हात जोडले, नामदेव पायरीवर डोकं ठेवलं, काहींनी मुखदर्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी गोपाळपूरला जनाबाईच्या जात्यापाशी बायांची ही झुंबड. एकेकीनं खुंटा धरायचा, दोन फेरे ओढायचे, ओवी म्हणायची. मावशींनी जुळवलेली अशी होती:

जनाईचं जातं, हाती धरिला मी खुंटा
सावळ्या विठूराया, ये गंगाखेडाच्या वाटा

परतीची एसटी स्थानकात लागली, आम्ही पिशव्या आत टाकायला लागलो, तोवर मावशी दिसेनात. पोरीला सांगून गेल्या होत्या, “मुखदर्शनाला एकदा जाऊन येते, त्याला अर्धंच बोलले.” त्यांच्यावाचून निघायचं कुणाच्या मनात आलं नाही. पिशव्या परत उतरवल्या. गाडी गेली, पुढची गंगाखेडची रात्री होती. फलाटावर पसरलेल्या सतरंजीवर विणेकरीबुवा म्हणाले, “बसा आता. भांडण मिटल्याबिगर ती काही येत नाही.”