तुम्ही विचारलंत म्हणून: कॅथलिक विद्यापीठात मानसशास्त्र?

"लूव्हेन म्हणजे ते कॅथलिक विद्यापीठ ना? मग तिथे मानसशास्त्र कसं काय शिकलात?" मी बेल्जियममधल्या लूव्हेनला शिकले, त्यामुळे पुण्यात हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. वसईला गेले की मिस्सा संपल्यावर देवळाच्या अंगणात तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. "फ्रॉईड शिकून आलीस बाय, आता विश्वास उरलाय का?" पुण्याला माझ्या शास्त्राबद्दल शंका, वसईला माझ्या श्रद्धेबद्दल. दोन्हीकडे मी आजवर दोन वाक्यांत वेळ मारून नेली. त्याचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा नीट सांगते.

मानसशास्त्र लूव्हेनमध्ये चर्चच्या नाकावर टिच्चून आलेलं नाही. ते धर्मगुरूंनीच आणलं. १८७९ हे साल मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, कारण त्या वर्षी वुंट या जर्मन शास्त्रज्ञांनी लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप तेरावे लिओ यांनी परिपत्रक काढून मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांचं तत्त्वज्ञान पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणायला सांगितलं. लूव्हेनमध्ये हे काम देझिरे मर्सिए या तरुण धर्मगुरूकडे आलं. १८८२ पासून ते थॉमस शिकवू लागले आणि १८८९ मध्ये त्यासाठी त्यांनी वेगळी संस्था काढली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मनाची शरीरापासून जी फारकत केली, ती मर्सिएंना अजिबात मान्य नव्हती. थॉमसच्या लेखी आत्मा आणि शरीर मिळून एकच माणूस होतो. मग मज्जासंस्था, संवेदना, प्रतिक्रियेला लागणारा वेळ हे सगळं बाजूला ठेवून आत्म्याबद्दल बोलायचं तरी कसं? त्यांचे विद्यार्थी आर्मां तिएरी वुंटकडे जाऊन शिकले आणि १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच लूव्हेनची प्रयोगशाळा चालू झाली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग निघाला १९१६ मध्ये. "कॅथलिक असूनही?" असं कुणी म्हटलं की मला हे सगळं एका दमात सांगावंसं वाटतं.

पंचविशीतली मी इथेच थांबायचे. आता मला तिच्याशी वाद घालावासा वाटतो. मर्सिएंनी दार उघडलं खरं, पण कशासाठी? शास्त्रासाठी, की शास्त्र आपल्याला मागे टाकून पुढे निघून जाईल या भीतीपोटी? १८९१ मध्ये बेल्जियममधल्याच मेकलेन शहरातल्या कॅथलिक परिषदेपुढे त्यांनी मांडलं होतं की आपली माणसं विज्ञानासाठी विज्ञान करणारी हवीत, धर्माचा बचाव हा त्यामागचा थेट हेतू नको. ती पंचविशीतली मुलगी हे लगेच पुढे करते. मी तिला म्हणते, अगं, 'थेट' हा शब्द त्यांनी उगाच घातलाय का? पुढे हेच मर्सिए मेकलेनचे आर्चबिशप आणि कार्डिनल झाले. त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी असणार. त्यांतली कुठली वरचढ होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ज्या दिवसामुळे हे लिहिते आहे, तो मुलाखतीचा दिवस. एका कॉलेजात पूर्णवेळ जागा निघाली होती. निवड समितीसमोर बसले. विषयतज्ज्ञ म्हणून आलेल्या सरांनी माझी पदवी वाचली आणि पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, तिथे फ्रॉईड शिकवायला पोपची परवानगी लागते का?" टेबलाभोवती सगळे हसले. मी शांतपणे सांगितलं की माझे वर्ग तीनसेस्त्राट नावाच्या रस्त्यावरच्या इमारतीत व्हायचे, कुणी कधी माझा धर्म विचारला नाही आणि बराचसा वेळ संख्याशास्त्रातच जायचा. सरांनी पुढचा प्रश्न टाकला. "आत्मा असतो असं तुम्ही स्वतः मानता?" मी "मानते" म्हणाले. खोटं कशाला बोलू? माझ्या आधी आत गेलेल्या मुलीच्या कपाळाला अंगारा होता. तिला हे विचारलं असेल असं मला वाटत नाही.

"मग वर्गात काय शिकवाल?" मी माझ्याच गुणपत्रिकेची झेरॉक्स उलटी केली आणि त्यांना आल्बेर मिशॉट यांची चकती काढून दाखवली. मिशॉट म्हणजे मर्सिएंचे विद्यार्थी, वुंट आणि क्युल्पे या दोन मानसशास्त्रज्ञांकडे जर्मनीत काम करून आलेले, मरेपर्यंत श्रद्धाळू कॅथलिक. तिएरींनंतर प्रयोगशाळा त्यांनीच सांभाळली. पुठ्ठ्याच्या चकतीवर एक काळा आणि एक लाल पट्टा रंगवायचा, चकतीबरोबर वळत जाणारा. पुढ्यात दुसरा पुठ्ठा, त्याला आडवी बारीक फट. चकती फिरू लागली की फटीतून पट्टे दिसतच नाहीत, दिसतात दोन चिमुकले चौकोन. काळा लालकडे येतो, टेकतो, थांबतो, आणि त्याच क्षणी लाल पुढे निघतो. बघणारा म्हणतो, काळ्याने लालला ढकललं. पुठ्ठ्यावर कुणी कुणाला ढकललेलं नसतं, तिथे नुसता रंग असतो. आता पट्टा जरा वेगळा रंगवून लालला निघायला उशीर करा. उशीर एक पंचमांश सेकंदाच्या आसपास गेला की ढकलणं गायब होतं. उरतात दोन चौकोन, एक येऊन थांबलेला आणि दुसरा आपला आपण निघालेला. १९४६ च्या पुस्तकात मिशॉट यांनी असे प्रयोग एकामागून एक मांडले. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ ह्यूम म्हणाला होता की आपल्याला कारण दिसत नाही, फक्त एकामागून एक घटना दिसतात. मिशॉट यांचं म्हणणं, दिसतं, आणि ते कधी दिसतं याच्या अटी मोजता येतात.

सर गप्प झाले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात इतका वेळ काहीच न बोललेल्या एका बाईंनी मान वर केली. "पण मॅडम, देव आहे हे सिद्ध करायला थॉमसने कार्यकारणभावाचाच आधार घेतलाय ना? मग ह्यूमला खोटं पाडण्यात कॅथलिक माणसाचा स्वार्थ नाही का?" त्या हसत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, चकती कुणीही फिरवली तरी पंचमांश सेकंद तेवढाच राहतो. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सरांचे प्रश्न अपमानाचे होते आणि ते आठवले की मला आजही राग येतो. पण बाईंचा प्रश्न तसा नव्हता, आणि तोच माझ्या मागे लागला. त्याला माझ्याकडे बऱ्यापैकी उत्तर आहे. १९५८ मध्ये मिशॉट यांच्या निष्कर्षांवर ज्यांनी बोट ठेवलं त्यांत अगोस्तिनो जेमेल्ली होते. फ्रान्सिस्कन संन्यासी, मिलानच्या कॅथलिक विद्यापीठाचे संस्थापक. सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं की बघणाऱ्याची वृत्ती बदलली की दिसणंही बदलतं. म्हणजे ह्यूमला उत्तर मिळाल्याचा आनंद धर्मगुरूंनीच साजरा होऊ दिला नाही. (याच जेमेल्लींनी १९३९ मध्ये बोलोन्याच्या भाषणात यहुद्यांविरुद्ध जे म्हटलं, ते वाचून मला त्यांचं नाव अभिमानाने घेववत नाही.) पुढे १९८० च्या दशकात, थॉमसशी काही देणंघेणं नसलेल्या ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहा महिन्यांच्या बाळांवर हाच प्रयोग केला आणि बाळांनाही ढकलणं आणि नुसतं सरकणं यांतला फरक कळतो असं त्यांना आढळलं.

एवढं सांगूनही बाईंचा प्रश्न सुटत नाही. उत्तर पडताळून बघता येतं, पण मुळात हाच प्रश्न का घेतला आणि दुसरा का घेतला नाही, हे कसं पडताळणार? मग मला वाटतं, हे फक्त मिशॉटनाच का विचारायचं? कर्मठ बाप्टिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) आईच्या घरात वाढलेल्या वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये जाणीव हा विषयच मानसशास्त्रातून काढून टाकायला सांगितलं. त्याचा स्वार्थ कुठल्या निवड समितीने कधी तपासला? हे बचावाचं बोलणं आहे, मला कळतं. तरी ते खोटं नाही.

वसईच्या काकांनाही आता स्पष्टच सांगते. लूव्हेनमधलं सगळं गोडगुलाबी नव्हतं. १९६१ च्या जुलैमध्ये रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयाने, धर्मगुरूंना मनोविश्लेषणाचा, म्हणजे फ्रॉईडच्या उपचारपद्धतीचा, व्यवसाय करायला मनाई केली, आणि बिशपच्या परवानगीशिवाय त्यांनी स्वतः मनोविश्लेषकाकडे जाऊ नये असंही बजावलं. त्या काळात धर्मगुरू असलेले आंत्वान व्हेर्गोट पॅरिसमध्ये मनोविश्लेषण शिकून लूव्हेनला परतले होते. ते तिथे शिकवत राहिले आणि १९६५ मध्ये बेल्जियमची मनोविश्लेषणाची एक स्वतंत्र संस्था स्थापन करणाऱ्यांत होते. श्रद्धेत इच्छा, भीती, वडिलांची प्रतिमा किती मिसळलेली असते, हे ते पुस्तकांतून तपासत राहिले आणि धर्मगुरूही राहिले. त्यांच्याआधी योझेफ न्यूटिन यांनी, तेही धर्मगुरूच, १९४९ च्या सुमारास फ्रॉईडवर गंभीर पुस्तक लिहिलं होतं. ते १९७० च्या दशकात मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले. ही माणसं वाचून माझा विश्वास गेला नाही. पण तो पूर्वीसारखाही राहिला नाही. प्रार्थना करताना मी कुणाशी बोलतेय, देवाशी की लहानपणीच्या बापाशी, हा प्रश्न आता मधूनच येतो आणि प्रार्थना तिथे अडते. काका, याला तुम्ही विश्वास जाणं म्हणत असाल तर म्हणा. मी अजून मिस्सेला येते.

आणि पुण्यातल्या मंडळींना सांगायचं तर, यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात चकती बनवायला घेणार आहे. प्रयोग झाल्यावर त्या बाईंचा प्रश्न मी स्वतः फळ्यावर लिहीन, ह्यूम, थॉमस आणि मिशॉट या तिघांच्या नावांसकट. मुलं काय म्हणतील ते बघू. माझं उत्तर मी त्यांना आधी सांगणार नाही.