टायगुनचे टायर बदलताना: आधी ओल्या रस्त्यावरची पकड

फोक्सवॅगन टायगुनचे दीड लिटरचे टीएसआय इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि हे सगळे पुढच्या दोनच चाकांमधून रस्त्यावर उतरते. चाकणमध्ये तयार होणारी ही कॉम्पॅक्ट एसयूव्ही वळणावर जी मजा देते, त्यात इंजिन आणि सस्पेन्शनइतकाच वाटा टायरांचा असतो. म्हणूनच मूळ टायर घासत आले की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो रुंदीचा: थोडे रुंद टायर घातले, रिम एक इंचाने वाढवले, तर गाडी आणखी चिकटून चालेल का? माझी टायगुन पुण्यात असते आणि तिचा बराचसा प्रवास घाट उतरून कोकणात होतो. या वापरात माझे मत पक्के झाले आहे की रुंदीचा प्रश्न नंतरचा आहे. या वर्गाच्या गाडीसाठी टायर निवडताना सर्वांत आधी विचारायला हवे ते हे, की भिजलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर हा टायर गाडी किती अंतरात थांबवतो.

यामागचा हिशोब अगदी साधा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक पूर्ण दाबले आणि टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.८ असेल, तर गाडी साधारण साडेएकतीस मीटरमध्ये थांबते. तोच गुणांक ०.६५ वर आला की थांबायला जवळपास एकोणचाळीस मीटर लागतात. चालकाला प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. सात मीटरचा हा फरक टायगुनच्या लांबीच्या दीडपटीहून अधिक आहे. ताम्हिणी घाटात जुलै महिन्यात, वळणापलीकडे दरड कोसळून दगड रस्त्यावर आलेले असतात किंवा धबधब्यासाठी थांबलेल्या गाड्यांची रांग अचानक समोर येते, तेव्हा या सात मीटरांचे मोल कळते. १५० पीएसची ताकद तिथे काहीच कामाची नसते.

ओल्या रस्त्यावरची पकड दोन गोष्टींवर ठरते: रबराचे मिश्रण आणि टायरच्या पृष्ठभागावरच्या खाचा. खाचा पाणी बाजूला ढकलतात, त्यामुळे टायर पाण्याच्या थरावर तरंगत नाही. उभ्या रुंद खाचा जास्त आणि खोल असतील तर हे काम चांगले होते. पण रस्त्यावर उभे पाणी नसून नुसता ओलसर थर असतो, तेव्हा खरी कसोटी रबराची लागते. १९९० च्या दशकात मिशेलिनने रबरात मिसळल्या जाणाऱ्या काजळीच्या जोडीला सिलिकाचा (वाळूतल्या मुख्य घटकाचा) मोठ्या प्रमाणात वापर सुरू केला. त्यानंतर ओली पकड आणि इंधनाची बचत या एरवी एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी एकत्र साधू लागल्या. आज चांगल्या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील टायरांमध्ये सिलिका असतेच, तरीही तिचे प्रमाण आणि मिश्रणाची जात यांत मोठा फरक असतो, आणि तो फरक दुकानात टायरवर हात फिरवून कळत नाही.

ग्राहकाला हे कळावे कसे, हा प्रश्न उरतोच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरचा घरंगळण्याला होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तीन बाबींसाठी एआयएस-१४२ या मानकाची पूर्तता बंधनकारक करण्याचा मार्ग घेतला, आणि हे पाऊल योग्यच होते. मात्र या मानकाने किमान मर्यादा ठरते. दोन टायरांपैकी कोणता सरस, हे त्यातून समजत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांवर ओल्या पकडीची अक्षरांतील श्रेणी छापलेली असते. पण एकाच नावाचा टायर निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मिश्रणाने बनवला जाऊ शकतो, त्यामुळे तिकडची श्रेणी इकडच्या टायरला डोळे झाकून लावणे बरोबर नाही. काही टायरांच्या कडेवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो. तो पाहून टायर किती चालेल याचा अंदाज बांधणारे बरेच जण मला भेटतात. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फारशी विश्वासार्ह ठरत नाही. माझा अनुभव असा, की कंपनीने टायर कोणत्या वर्गासाठी बनवला आहे हे नीट समजून घेतले, तर निम्मा गोंधळ मिटतो.

हे वर्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला आराम, शांतता आणि ओली पकड यांना प्राधान्य देणारा टूरिंग वर्ग: मिशेलिनचा प्रायमसी, कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट, योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी ही त्यातील परिचित नावे. दुसरा स्पोर्ट वर्ग: मिशेलिनचा पायलट स्पोर्ट किंवा कॉन्टिनेन्टलचा मॅक्सकॉन्टॅक्ट. यांच्या बाजूच्या भिंती अधिक ताठ असतात, स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते, पण खड्डा अंगावर येतो आणि रबर सहसा लवकर झिजते. तिसरा एटी (ऑल-टेरेन), म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेला, रबराच्या मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा. टायगुनसारख्या फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला एटी टायर घालू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. दिसायला ते रुबाबदार असतात, पण त्यांचे वजन जास्त, आवाज जास्त आणि ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतरही सहसा जास्त, आणि ज्या चिखलासाठी ते बनवले आहेत तिथे ही गाडी कोणी मुद्दाम नेत नाही. स्पोर्ट वर्गाबद्दल मला आदर आहे. रस्ता चांगला असेल आणि दर दोन-तीन वर्षांनी टायर बदलण्याची तयारी असेल, तर तो घ्यावा. माझ्या वापरात कोकणातले अंतर्गत रस्ते, जांभ्याची लाल माती आणि पावसाळा एवढे आहे, की मी टूरिंग वर्गच निवडला आणि वळणावरची किंचित धार सोडून दिली.

आता मापाकडे वळू. टायगुनच्या वरच्या प्रकारांत २०५/५५ आर १७ असे माप येते. म्हणजे टायरची रुंदी २०५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिमी, आणि रिम १७ इंची. पूर्ण टायरचा व्यास ६५७ मिमी भरतो. रुंदी वाढवायची म्हणून २१५/५५ आर १७ घातला तर व्यास ६६८ मिमी होतो, म्हणजे १.७ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटरचा काटा त्या प्रमाणात मागे पडतो, गिअरचे गुणोत्तर किंचित लांबते आणि चाकाच्या कमानीत टायर घासत नाही ना, हे पूर्ण भार टाकून व स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावे लागते. २२५/५० आर १७ मध्ये व्यास जवळजवळ तोच राहतो, पण मूळ रिमची रुंदी त्या टायरला पुरेशी आहे का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की भिंत बाहेर फुगते आणि वळणावर लचकते. ज्यासाठी खर्च केला, नेमके तेच हातचे जाते. शिवाय रुंद टायरखाली तेवढेच वजन अधिक रुंदीवर पसरते, त्यामुळे उभ्या पाण्यात तो लवकर तरंगू लागतो, आणि ही बाब रुंदीचा आग्रह धरणारे सहसा विचारात घेत नाहीत.

रिम वाढवण्याचा मोह त्याहून महागात पडतो. १८ इंची रिमवर २१५/४५ मापाचा टायर बसवला तर भिंतीची उंची ९७ मिमीच्या आत येते, म्हणजे १६ मिमी कमी. एवढीशी उंची गेल्याने काय बिघडते, असे वाटेल. पण पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळते, तेव्हा टायरची भिंत रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी कडेला फुगा आलेला दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही. एखादा मेकॅनिक "चालेल अजून थोडे दिवस" म्हणाला, तरी तो तातडीने काढावा. विम्याचा मुद्दाही आहेच: कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर बदल केला असेल तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो. मी मूळ माप कायम ठेवले आणि तीच शिफारस करतो.

मापापुढे लिहिलेले ९१ व्ही यांसारखे आकडे-अक्षरेही तितकीच महत्त्वाची आहेत. ९१ हा भारांक आहे, म्हणजे एका टायरने योग्य हवेवर ६१५ किलो वजन पेलायचे. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. तेवढ्या वेगाने आपल्याकडे कोणी जाणार नाही आणि जाऊही नये. पण वेगाची श्रेणी म्हणजे मुळात उष्णता सोसण्याची श्रेणी असते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा आहे आणि विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी त्याच वेगाने तासन् तास गाडी चालते. हवा कमी असलेला किंवा जुना, तडे गेलेला टायर तिथे तापून फुटतो. या मार्गावरच्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली होती, ती याच कारणाने. थोडे पैसे वाचवण्यासाठी मूळ टायरपेक्षा खालच्या भारांकाचा किंवा खालच्या वेगश्रेणीचा टायर घेऊ नये.

दुकानात गेल्यावर टायर रिमवर चढवण्याआधी त्याची जन्मतारीख पाहावी. कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पूर्ण तारीख बहुतेकदा एकाच बाजूला असते, त्यामुळे ती बाजू आत गेली की नंतर मान वाकडी करूनही दिसत नाही. मी चारही टायर जमिनीवर उभे करून, मोबाइलचा उजेड पाडून हे आकडे वाचले. दुकानदार म्हणाले, "साहेब, माल ताजाच आहे." तो होताही, पण त्यांतला एक टायर उरलेल्या तिघांपेक्षा वर्षभर जुना निघाला आणि त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर खराब नसतो, पण नव्या मालाचा भाव देताना ग्राहकाने नवा माल मागावा. आयएसआय चिन्हही याच वेळी पाहून घ्यावे. २०२० च्या जूनपासून टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे कमी खपाच्या मापांत हवा तो टायर कधी कधी महिनोन्‌महिने मिळत नाही. म्हणून टायर पार गोटा होईपर्यंत न थांबता आधीच चौकशी सुरू करावी. कायद्याची मर्यादा १.६ मिमी खोलीची आहे आणि खाचांमधील उंचवटे ती दाखवतात, पण पावसात गाडी चालवणाऱ्याने तीन मिमीलाच निर्णय घ्यावा, असे मला ठामपणे वाटते.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम. बजेट दोनचेच असेल तर नवी जोडी मागे घालावी. हे ऐकून दुकानातले लोकही नवल करतात, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते आणि झिजतातही तीच. पण पुढची चाके पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जात राहते आणि पाय सैल केला की बहुतेक वेळा पुन्हा ताब्यात येते. मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते.

बसवण्याचे काम चालू असताना तिथेच उभे राहावे. असमान नक्षीच्या टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच आली पाहिजे. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वजनाने हलक्या जागेची खूण असतो. तो व्हॉल्वच्या अगदी शेजारी आणून बसवला की बॅलन्सिंगला कमी वजने लागतात. व्हॉल्व नवे घ्यावेत. बोल्ट नुसते एअर गनने आवळून सोडून देऊ न देता, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला पान्याने आवळायला सांगावे. अलाइनमेंट करून त्याचा छापील अहवाल मागावा. हवा टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरनुसार भरावी. नायट्रोजनचा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, महिन्यातून दोनदा हवा तपासणे त्याहून जास्त उपयोगी आहे. टायगुनची हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधते, त्यामुळे नवे टायर घालून हवा भरली की ती नव्याने सेट करावी लागते. नाही तर ती जुन्या टायरांच्या मापानेच तुलना करत राहते. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा निसरडा थर असतो, तो निघून जाईपर्यंत पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणे टाळावीत, आणि शक्य असेल तर हे किलोमीटर पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच पूर्ण करावेत.