तुम्ही विचारलंत म्हणून: नाणं खरं कसं ओळखायचं?

“काका, हे खरं आहे का बघा की!” मोबाईलवर नाण्याचा फोटो पुढं करून असं विचारणारे महिन्याला दोन-तीन तरी भेटतात. फोटोवरून मी काही बोलत नाही. नाणं हातात द्या.

नवखा असताना बाजारात एकाकडून मी दोन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी, घेतल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडं ‘छत्रपति’, अक्षर न् अक्षर पूर्ण. भलताच खूश झालो. रात्री भिंगाखाली धरल्या तर ‘राजा’च्या कान्याशेजारी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. दुसरीवरही तिथंच, तेवढाच! शिवराई हातोड्यानं पाडलेली. ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, म्हणून एखादं अक्षर हमखास काठाबाहेर जायचं. दोन नाणी खड्ड्यासकट सारखी निघणं म्हणजे एकाच साच्यातलं ओतकाम. काठ पाहिला तर साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर कानस फिरवलेली.

तेव्हापासून मी आधी काठ बघतो, मजकूर नंतर. मग कोल्हापूरच्या गुजरीत ओळखीच्या सराफाकडं वजन. चुंबकाचा उपयोग थोडाच. चिकटलं तर लोखंड कळतं, न चिकटलं म्हणून नाणं खरं ठरत नाही. आणि एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसरीकडं रामदरबार असलेलं ‘1818 चं’ नाणं घेऊन कृपया येऊ नका. कंपनीनं असलं काही पाडलेलंच नाही.

आपल्या कोल्हापूरची खरी मिजास शिशाच्या नाण्यांत. सातवाहनांच्या काळात इथल्या कुर राजांनी ती पाडली: एका बाजूला धनुष्यबाण, भोवती ब्राह्मीत विळिवायकुर नाहीतर शिवलकुर असं नाव. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला 1945-46 साली उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. विकत घ्यायच्या आधी तिथं चार चकरा मारा. डोळा तयार व्हायला पैसे लागत नाहीत.

शिसं लाकडी कपाटात ठेवू नका, पांढरी भुकटी धरते. हाताळल्यावर हात धुवा. आणि तांब्याला चिंच लावून चकचकीत करायचा मोह आवरा. एक बरी शिवराई मी तशीच घालवली. शंभर वर्षांची काळपट झिलई पाच मिनिटांत गेली.

खड्डेवाल्या दोन्ही मात्र ठेवल्यात. विचारायला येणाऱ्याच्या हातात आधी भिंग देतो आणि त्या दोन शिवराया.