चिकटपट्टी कुठे लपवता?

बारसं असो, मुंज असो, साठीशांत असो, माझ्या हातातली भेटवस्तू पुढे झाली की दोनपैकी एक प्रश्न ठरलेला. पहिला, "कागद कुठून आणलात?" दुसरा, खोका उलटासुलटा करून बघितल्यावर, "चिकटपट्टी कुठे लपवलीत?" पहिल्याचं उत्तर मी आजवर हसून टाळत आले, कारण कागद बहुतेक वेळा रद्दीतला असतो. दुसऱ्याचं उत्तर दोन शब्दांचं आहे: चिकटपट्टी नाहीच. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, जरा सविस्तर सांगते.

माझ्या वडिलांचं मिरजेत किराणा दुकान होतं. प्लास्टिकच्या पिशव्या घरोघरी पोचायच्या आधीचे दिवस. गल्ल्याच्या वर, आढ्याच्या आकड्याला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं आणि दोऱ्याचं टोक बाबांच्या नाकासमोर लोंबत असायचं. तागडीतली साखर कागदावर ओतली की पुढचं सगळं दहा सेकंदांत. कागदाच्या समोरासमोरच्या दोन कडा वर उचलून जुळवायच्या, दोन्ही मिळून बोटभर दुमडायच्या, पुन्हा तेवढंच दुमडायचं, असं करत घडी मालावर येऊन टेकली की तळव्याने दाबायची. मग दोन्ही तोंडांशी कागद आत ढकलायचा, त्याचे त्रिकोण होतात, ते खाली वळवायचे. दोऱ्याचा एक उभा वेढा, खाली पीळ, एक आडवा वेढा, वर गाठ. दोरा तोडायला कात्री नाही. बोटाभोवती एक फेरा देऊन खटकन हिसका. तो हिसका मला अजून जमत नाही, मी गुपचूप कात्री घेते.

भेटवस्तू बांधण्याचं माझं सगळं शिक्षण एवढंच. साखरेच्या जागी पुस्तक ठेवा, साडी ठेवा, डबा ठेवा. बोटभर घड्या एकमेकींना धरून राहतात, दोरा त्यांना जागेवर दाबतो, चिकटवायला काही उरतच नाही. वैद्यांच्या चूर्णाच्या पुडीला तर दोराही नसतो, एक टोक दुसऱ्यात खोचलेलं असतं आणि पुडी खिशात दिवसभर फिरली तरी सुटत नाही.

माप विचारणारेही पुष्कळ. फूटपट्टी नको. खोका कागदावर मधोमध ठेवा. एका दिशेने कागद खोक्याला पूर्ण वेढा घालून वर चार बोटं उरला पाहिजे, ती चार बोटं घडीत जातात. दुसऱ्या दिशेने दोन्ही टोकांना साधारण खोक्याच्या उंचीएवढा कागद सोडा. जास्त सोडलात तर तोंडाशी बोचकं होतं, आणि नवशिक्यांचं नव्वद टक्के काम तिथेच बिघडतं. कागद कमी पडेल या भीतीने माणूस जास्तच घेतो. दोऱ्याचा उभा वेढा बरोबर त्या दोन त्रिकोणांवरून न्या, म्हणजे ते हलत नाहीत.

आता गाठ. दुकान बाबांचं, पण गाठीवर हुकमत आईची. पोत्याला निरगाठ, आहेराला सुरगाठ, हा तिचा कायदा. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटते ती. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. एखाद्या लहान मुलाच्या वाढदिवसाला बघा: चकचकीत कागद, त्याच्यावर चहूबाजूंनी चिकटपट्टी, पोर नखांनी ओरबाडतंय, मग दातांनी, मग त्याची आई स्वयंपाकघरातून सुरी घेऊन येते आणि सगळे ओरडतात, "अगं जपून!" आत काय आहे ते बघायच्या आधीच कागदाच्या चिंध्या. एवढं कडेकोट बंद करायला ती तिजोरी आहे का? देणाऱ्याने बांधलेलं घेणाऱ्याला एका हाताने सोडवता आलं पाहिजे, शक्यतो कागद न फाटता.

कागदाबद्दल बोलायचं तर वर्तमानपत्राने सुरुवात करा, पण माझ्यासारखी नको. मैत्रिणीच्या नातीच्या बारशाला मी आंगडं-टोपडं मोठ्या हौसेने जिल्हा आवृत्तीच्या पानात बांधलं, वर लाल लोकरीची सुरगाठ. तिच्या सासूबाईंनी पुडा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. वरच्याच बाजूला दोन निधनवार्ता आणि एक दशक्रियेची जाहिरात, फोटोसकट. मी बांधताना कडा जुळवत होते, मजकूर वाचतंय कोण! तेव्हापासून रविवारची पुरवणी घेते, शब्दकोड्याचं पान मिळालं तर उत्तम. माझ्या मेहुण्यांनी एकदा भेट तशीच बाजूला ठेवून आधी पेन मागितलं होतं. वर्तमानपत्राची शाई फिक्या कपड्याला लागते, म्हणून आत एक कोरा पातळ कागद घालायचा. आणि लाडू-चिवडा मात्र त्यात कधीच नाही. २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाईच केली आहे, तीही शाईतल्या रसायनांमुळे.

वर्तमानपत्राहून मला जुनं कालनिर्णय आवडतं. कागद जरा दणकट, पान एका पुस्तकाला पुरेसं. ज्याला द्यायचं त्याच्या जन्मतारखेचं पान फाडायचं आणि ती तारीख नेमकी वर, मधोमध आणायची. युक्ती सोपी आहे. पान तारखांची बाजू खाली करून पसरा, उजेडात धरून तारीख कुठे आहे तिथे मागून पेन्सिलीने बारीक खूण करा, त्या खुणेवर पुस्तकाचं मुखपृष्ठ पालथं ठेवा आणि घडी मागच्या बाजूला घाला. भावाच्या पन्नाशीला मी हे केलं. पान आदल्या वर्षीचं होतं, आईच्या घरचं, आणि त्याच्या तारखेच्या चौकटीत तिच्या अक्षरात "गॅस लावला" असं लिहिलेलं. शेजारच्या चौकटींत दुधाचे खाडे. त्याने गाठ सोडायच्या आधी अख्खा महिना वाचून काढला. आत काय होतं ते आता मलाही आठवत नाही.

दोनचार भेटी एकदम बांधायच्या असतील तर खाकी कागद. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून उरलेला असतोच. त्यावर भेंडीचे ठसे. जून भेंडी घ्या, जी भाजीला चालणार नाही ती. देठाकडून बोटभर सोडून आडवी कापा, पाच पाकळ्यांचं फूल तयार. कापलेली बाजू फडक्याने टिपून घ्यायची, नाहीतर तारेमुळे ठसा फिसकटतो. रंगाला मी गेरू घेते, कुंडीला लावतात तो, आणि त्यात डिंकाचं पाणी. डिंक नसेल तर वाळल्यावर गेरू सगळ्यांच्या हाताला येतो. ताटलीत घडी घातलेलं ओलं फडकं, त्यावर हा रंग, आणि मग पोस्टातल्या शिक्क्यासारखं थापत सुटायचं. सरळ ओळीत थापलेले ठसे मला कंटाळवाणे वाटतात. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीला बसवलं की ती जे करते ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. अर्धा तास वाळू द्या, मगच घडी घाला.

हातकागदाविषयीही विचारणा होते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांपासून तिथे कागद होतो, बघायला गेलात तर रिकाम्या हाताने येणार नाही. पण जाड हातकागदाची बारीक घडी बसत नाही, ती हळूच उमलते. मी त्याच्या फक्त चिठ्ठ्या कापते आणि दोऱ्यात ओवते.

गोल, वाकड्या, देठाच्या, कानाच्या वस्तूंना कागदाने छळू नये. लोटी, बरणी, केळ्यांची फणी, सरळ फडक्यात बांधा. जपानात चौकोनी रुमालात वस्तू बांधण्याच्या पद्धतीला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी पिशव्यांचा कचरा कमी व्हावा म्हणून तिचा जोरदार प्रचार केला होता, टाकाऊ बाटल्यांच्या धाग्याचा खास रुमालही काढला होता. हे वाचून मला आमच्या शेतावर जाणारी शिदोरी आठवली. चार टोकं, समोरासमोरची दोन-दोन बांधायची, झालं. फक्त आपण त्याला गाठोडं म्हणतो आणि गाठोडं म्हटलं की त्याचा मान जातो! खणाचं कापड घेऊन बघा, गाठोड्याचा मान परत येतो. फराळाचा स्टीलचा डबा, त्याला हिरवा खण, वर काठाची दोन टोकं कानासारखी उभी. खणाची पुढे चोळी होते, उशीचा अभ्रा होतो, नाहीतर पुढच्या दिवाळीला तोच खण दुसऱ्या डब्यावरून माझ्याकडे परत येतो. आला आहे दोनदा.

चकचकीत कागदावर माझा राग आहे, पण घरात आलेला असेल तर एक करा: मुठीत चुरगळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर कागद, हळूहळू पुन्हा उलगडला तर ते प्लास्टिकच, कागदाच्या रद्दीत घालू नका.

बाबांना पंचाहत्तरीला मी शर्ट दिला, खाकी कागदात, दुकानाच्या पद्धतीने बांधून. त्यांनी आधी पुडा हातावर तोलला. घडीवर अंगठा फिरवला, "दाबली नाहीस नीट," म्हणाले. मग सुरगाठ सोडली, दोरा दोन बोटांभोवती गुंडाळून खिशात टाकला, कागद मांडीवर सपाट करून चौघडी केली आणि उशीखाली ठेवला. शर्ट खुर्चीवरच राहिला. तो त्यांना मोठा होतो, हे मला आठ दिवसांनी कळलं.