हळदी यंदा ओक्लाहोमाला जाणार नाही

मंगळवार

टेक्ससच्या ऑगस्टात पहाटे पाचलाही अंगाला घाम असतो. तबेल्यातले पंखे रात्रभर चालूच राहतात. मी आत शिरले की पहिलं खिंकाळणं हळदीचं. कागदोपत्री तिचं नाव तिच्या आईबापांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं, लांबलचक आहे; पालोमिनो, म्हणजे सोनेरी रंग, आणि पांढरी आयाळ बघून हळदी हे नाव मी ठेवलं. आता इथले मेक्सिकन सहकारीही तिला त्याच नावाने हाक मारतात.

डेंटन काउंटीचा हा उत्तरेकडचा भाग, पायलट पॉइंट आणि ऑब्रीच्या आसपासचा, घोड्यांसाठीच ओळखला जातो. आमच्याकडे रेनिंगचे, म्हणजे सैल लगामावर कसरती दाखवायच्या स्पर्धेचे, घोडे तयार होतात. माझं काम सकाळपाळीचं: चारा-पाणी, खरारा, खोगीर चढवणं आणि ट्रेनर बसण्याआधी घोड्यांना हलकं फिरवून अंग मोकळं करून देणं.

दाण्याआधी गवत, हा इथला पहिला नियम. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. जठराच्या वरच्या भागाला त्या आम्लापासून संरक्षण नसतं. रिकाम्या पोटी पळवलं की आम्ल उसळून तिथपर्यंत पोचतं आणि जखमा होतात. म्हणून ज्याची पहिली पाळी असेल त्याच्यासमोर आधी अल्फाल्फाची, म्हणजे लसूणघासाची, पेंढी पडते. तिच्यातल्या कॅल्शियममुळे आम्लाचा जोर थोडा मोडतो. मग बादल्या बघायच्या. एक घोडा एरवी दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी पितो, या उकाड्यात त्याहून कितीतरी जास्त. ज्याची बादली सकाळी भरलेली दिसते त्याच्याकडे दिवसभर डोळा ठेवायचा. मग लीद, मग पाय.

पायांवरून हात फिरवायची सवय मला आजोबांकडून लागली. त्यांचा मिरजेत टांगा होता. घोडा सोडला की स्वतः पाणी पिण्याआधी ते त्याचे चारही पाय खालपर्यंत चाचपायचे. इथे बर्फाचे बूट, लेसर, चुंबकाची पांघरुणं असं सगळं आहे, पण सुरुवात त्याच हाताने होते.

आज हळदीच्या मागच्या उजव्या पायाचा हॉक, म्हणजे मधला मोठा सांधा, डाव्यापेक्षा किंचित गरम लागला. सूज अशी नाही, जरासा भरल्यासारखा वाटतो. ट्रेनरना सांगितलं. त्यांनीही हात लावला, तिला दुडकी चालवून पाहिली आणि खोगीर परत खुंटीवर ठेवायला सांगितलं. डॉक्टर गुरुवारी येतील.

बुधवार

हळदीला सुट्टी, त्यामुळे आज मला दुसऱ्यांचं काम नीट बघायला मिळालं. घरी कुणी फोनवर विचारलं की रेनिंग म्हणजे काय, तर मी सांगते: घोडा आणि स्वार ठरलेल्या क्रमाने मोठी-लहान वर्तुळं, दौडीत पुढे पडणारा पाय बदलणं, जागच्या जागी भिरभिरणं, भरधाव येऊन थांबणं, वळणं आणि मागे सरकणं हे सगळं एका सैल लगामावर करून दाखवतात. प्रत्येकाची सुरुवात 70 गुणांवर. एकेका हालचालीला अर्ध्या-अर्ध्या गुणाने अधिक दीडपर्यंत मिळतात किंवा उणे दीडपर्यंत जातात. घोडा नुसता चपळ असून भागत नाही. तो राजीखुशीने ऐकतो आहे हे परीक्षकाला दिसावं लागतं.

सगळ्यांना वेड लावतो तो स्लायडिंग स्टॉप. घोडा पूर्ण वेगात येतो, स्वार एकच शब्द उच्चारतो, ‘व्हो’, आणि मागचे पाय पोटाखाली घेऊन घोडा वीस-पंचवीस फूट घसरत जातो. पुढचे पाय मात्र मोकळे चालत राहतात. त्यासाठी मागे रुंद, गुळगुळीत नाल असतात, आणि जमीनही खास केलेली: खाली दाबून घट्ट केलेला थर, वर काही इंच वाळू-मातीचं मोकळं मिश्रण. सकाळ-दुपार ट्रॅक्टर फिरतो, पाणी मारलं जातं. जमीन बिघडली तर घोड्याचा सांधा जातो, म्हणून ट्रॅक्टरवाल्याचा मान आमच्याकडे स्वारापेक्षा कमी नाही.

‘व्हो’ हा शब्द इथे फुकट वापरायचा नाही. खरारा करताना घोडा हलला, दारातून घाईने निघाला, तरी ‘व्हो’ म्हणायचं नाही. त्याला दुसरे शब्द आहेत. ‘व्हो’ म्हणजे चारही पाय थांबवणं, आणि ते एकदाच म्हणायचं. घोडा थांबला की लगाम ताबडतोब सोडायचा. खरं शिक्षण त्या सोडण्यात आहे, असं आमचे ट्रेनर मानतात आणि आता मीही मानते. पायाचा दाब किंवा लगामाचा ताण हा घोड्याला विचारलेला प्रश्न असतो. बरोबर उत्तर कुठलं हे त्याला कळतं ते दाब निघून गेला त्या क्षणी. तो क्षण अर्ध्या सेकंदाने हुकला तर घोडा भलतंच शिकतो, आणि तेही तितकंच पक्कं शिकतो.

आज एका दोन वर्षांच्या सोरेल, म्हणजे तांबूस, घोड्याने पहिल्यांदा स्वतःहून पाठ गोल करून थांबून दाखवलं. ट्रेनर खाली उतरले, तंग सैल केला आणि त्याला तिथेच उभा ठेवला. तबेल्यात नेला नाही, शाबासकीचा गोंधळ नाही. घोडा बराच वेळ मान खाली घालून उभा होता, मग ओठ चाटायला लागला. मी विचारलं, आणखी एकदा करून घ्यायचं का? ते म्हणाले, “त्याचा विचार चाललाय. पूर्ण होऊ दे.”

त्या घोड्याचं आजचं काम पाव तासात संपलं. बाहेरून बघणाऱ्याला हा आळस वाटेल. खोगीर घातलेले घोडे इथे भिंतीपाशी तासन्‌तास बांधून ठेवतात, तेही लोकांना निर्दय वाटतं. पण सावली आणि पाणी असेल तर उभं राहायला शिकणं हे तरुण घोड्याचं फार मोठं शिक्षण आहे. अनोळखी मैदानावर, लाउडस्पीकरच्या गोंगाटात, शेजारी भरधाव घोडे जात असताना ज्याला शांत उभं राहता येतं, त्याच्यापाशीच उरलेली कला टिकते.

पूर्ण पॅटर्न, म्हणजे स्पर्धेतला ठरलेला क्रम, घरी कधीच करून घेत नाहीत. घोड्याची आठवण तीव्र असते. मधोमध आल्यावर पाय बदलायचा हे त्याला पाठ झालं की तो स्वाराची वाट न बघता आपणच बदलतो. म्हणून एक दिवस नुसती वर्तुळं, एक दिवस थांबणं, आणि निदान एक दिवस बाहेर, ओढ्याकाठच्या कुरणात, काहीही न मागता.

गुरुवार, रात्री

डॉक्टर येऊन गेले. एक्स-रेमध्ये हाडाचा तुकडा वगैरे नाही, देवाची कृपा. सांध्यात थोडी जळजळ आहे. विश्रांती, मग हळूहळू काम. किती हळू, यावर सगळं अडलं आहे.

हळदी तीन वर्षांची आहे आणि रेनिंगमधली सर्वांत मोठी स्पर्धा, ओक्लाहोमा सिटीची फ्युच्युरिटी, नोव्हेंबरअखेर सुरू होते. या स्पर्धेची मुख्य फेरी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. घोड्याला ही संधी आयुष्यात एकदाच. बक्षिसं लाखो डॉलरांची, आणि तिथे अंतिम फेरीत पोचलेल्या घोडीच्या शिंगरांनाही पुढे जास्त भाव मिळतो. प्रवेशाचे हप्ते भरून झालेले आहेत, ते परत मिळणार नाहीत.

वय मोजायची पद्धतही ध्यानात घ्यायला हवी. इथे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू फ्युच्युरिटीला जवळजवळ चार वर्षांचं असतं. हळदी मे महिन्याच्या शेवटी जन्मली. ती असेल साडेतीन वर्षांची. त्या वयात पाच महिन्यांचं अंतर फार मोठं.

घोड्याच्या गुडघ्यावरची, हाड जिथून वाढतं ती पट्टी साधारण दोन-अडीच वर्षांत मिटते, पाठीच्या मणक्यांची पाच वर्षं उलटून गेल्यावर. लहानपणी काम देऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. वाढत्या हाडावर बेताचा भार पडला तर ते मजबूतच होतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. नुसतं कोंडून ठेवलेलं शिंगरू जास्त कच्चं राहतं. माझा आक्षेप आहे तो ठरलेल्या तारखेकडे धावत सुटण्याला. शेवटचे तीन महिने रोज थोडं जास्त मागितलं जातं, आणि चांगली घोडी नाही म्हणत नाही. हळदी तर अजिबात म्हणणार नाही. दुखत असतानाही ती थांबेल, घसरेल, भिरभिरेल. म्हणून तिच्या वतीने कुणीतरी नाही म्हणायला पाहिजे.

ज्या परंपरेतून हे सगळं आलं तिला अशी तारीख माहीत नव्हती. कॅलिफोर्नियाचे व्हाकेरो घोड्याला आधी बोसाल घालत, म्हणजे नाकावरची विणलेल्या कातड्याची पट्टी. तोंडात काहीच नाही. मग काही काळ बोसाल आणि बिट, म्हणजे तोंडातली लोखंडी कडी, दोन्ही बरोबर. नुसत्या बिटवर, एका हाताने चालणारा घोडा व्हायला वर्षानुवर्षं लागत. तितके दिवस लागणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असे. विसाव्या शतकात टॉम डोरन्स आणि रे हंट या अमेरिकन घोडेशिक्षकांनी तोच धागा पुन्हा पकडला. घोड्याच्या बाजूने गोष्ट कशी दिसते ते आधी बघा, हा त्यांचा आग्रह. रेनिंगची राष्ट्रीय संघटना 1966 साली स्थापन झाली आणि फ्युच्युरिटी तेव्हापासूनची. तिने या खेळाला पैसा दिला, उत्तम वंश दिला, माझा पगारही त्यातूनच येतो. हे मी विसरत नाही. पण व्हाकेरोंची सबुरी आणि फ्युच्युरिटीची तारीख एकाच घोड्यावर लादता येत नाहीत, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

शुक्रवार

पारा चाळीसला टेकला. दहाच्या आत सगळं संपवलं. घामेजलेल्या घोड्यांवर पाणी मारायचं, पट्टीने निथळायचं, परत मारायचं. नालबंद आले होते. बाकी काही नाही.

रविवार

हळदीच्या मालकीणबाई ह्यूस्टनहून गाडी चालवत आल्या. साठीच्या पुढच्या आहेत, नवरा गेल्यावर हीच एक घोडी ठेवली. ट्रेनरनी त्यांना तबेल्यात न बसवता थेट रिंगणात नेलं आणि हळदीला नुसती चालवून दाखवली. मी दोर धरून होते. ते स्पष्ट म्हणाले, “इंजेक्शनं देऊन नोव्हेंबरपर्यंत नेता येईल. कदाचित फायनलही गाठेल. मी नेणार नाही. तुम्हाला दुसरीकडे न्यायची असेल तर मी ट्रेलर जोडून देतो.”

या धंद्यात हे बोलणं महाग आहे. घोडी गेली तर महिन्याची फी जाते, आणि ती दुसऱ्याकडे जिंकली तर नावही जातं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भरलेल्या पैशांचा हिशोब त्यांनी विचारला, आणि तो विचारणं रास्तच होतं. ट्रेनरनी आकडा न गुळगुळीत करता सांगितला. मग त्यांनी मला विचारलं, रोज तूच तिला हाताळतेस ना, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तिचे कान अजून कामावर निघताना पुढे असतात. खोगीर बघून ती तोंड फिरवत नाही. हे टिकवायचं असेल तर थांबा.

जूनमधली ओक्लाहोमाचीच डर्बी, ही रेनिंगचीच दुसरी स्पर्धा, चार वर्षांच्या घोड्यांना खुली असते. तिथे बघू, असं ठरलं.

उद्या नालबंदांना परत बोलवायचं आहे, हळदीचे मागचे घसरते नाल काढून टाकायला. मोठ्या कुरणात तिला कुणाबरोबर सोडायचं ते अजून ठरत नाही. मला वाटतं तो म्हातारा राखाडी घोडा बरा. तो कुणाला पळवत नाही आणि गवतावरून भांडतही नाही. सांध्याचा एक्स-रे पुन्हा ऑक्टोबरात. आणि तिची सकाळची वेळ आता मोकळी झाली, त्यात सोरेलला घ्यायचं.