ड्रमब्रूट इम्पॅक्ट, घूं आवाज आणि सोसायटीचं अर्थिंग : माझा अनुभव

अ‍ॅनलॉग ड्रम मशीन (ड्रमचे ठोके सर्किटमधून तयार करणारं वाद्य) घेणाऱ्यांना मी आता सगळ्यात आधी एकच सांगते. खोकं उघडायच्या आधी घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते तपासा. थ्री-पिन सॉकेट दिसतंय म्हणजे अर्थिंग असणारच, असं धरून चालू नका. आमच्या इमारतीत घरोघरी थ्री-पिन सॉकेट आहेत, वरचं मोठं भोक आहे, भोकामागे हिरवी वायरही आहे. त्या वायरीचा जमिनीशी मात्र काही संबंध उरला नव्हता. हे शोधून काढण्यात आणि दुरुस्त करून घेण्यात जे दिवस गेले, त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे आणि पार्श्वसंगीत माझ्याकडे असतं. लॅपटॉपमधले तयार ठोके प्रत्येक एकांकिकेत तेच ते ऐकू यायला लागले, तेव्हा मी आर्टुरिया या फ्रेंच कंपनीचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट घेतलं. 2018 साली आलेलं हे मशीन. यात रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाही. पॅड दाबलं की सर्किट त्या क्षणी आवाज तयार करतं. किक (ड्रमसेटमधला सगळ्यात जड ठोका), दोन स्नेअर, दोन टॉम, सिम्बल, काउबेल, उघडा आणि बंद हाय-हॅट आणि एक एफएम ड्रम, असे एकूण दहा आवाज. शिवाय ठोके क्रमाने मांडून आपोआप वाजवणारा, 64 स्टेपपर्यंतचा (म्हणजे घरांचा) सिक्वेन्सर, असे 64 पॅटर्न साठवायची जागा आणि बाहेर पडणाऱ्या आवाजावर बसून तो खरखरीत करणारं डिस्टॉर्शन. हेडफोन लावून पहिल्यांदा किक वाजवली आणि पैसे वसूल झाले असं वाटलं.

मग रेकॉर्डिंगसाठी सगळं एकमेकांना जोडलं. मशीनचा आवाज ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण), इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला, टेम्पो जुळावा म्हणून मशीनही यूएसबीने त्याच लॅपटॉपला, आणि स्पीकर भिंतीतल्या सॉकेटमध्ये. स्पीकर सुरू करताच खोलीभर घूं. त्यावर एक बारीक, टोचणारी शिट्टीसारखी किरकिरही होती.

ओळखीतल्या प्रत्येकाने मशीनलाच दोष दिला. "अ‍ॅनलॉग आहे, थोडा आवाज करणारच" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी विचारायचंच सोडलं. मशीन निर्दोष आहे की नाही हे ठरवायला फार डोकं लागत नाही. मशीनच्या मुख्य आवाजाची खुंटी पूर्ण खाली करायची. घूं तेवढाच राहिला तर तो मशीनमधून येत नाही, नंतरच्या वायरीत शिरतोय. मग सगळ्या वायरी काढून हेडफोन थेट मशीनला लावायचे. तिथे शांत असेल तर विषय संपला. माझं मशीन शांत होतं. पुढे लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि घूं जवळजवळ गेला. चार्जर पुन्हा लावून लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हलकेच बोट फिरवलं तर बारीक झिणझिण्या आल्या. टेस्टर टेकवला, तो मंद पेटला.

चार्जरच्या आत गाळणीसारखे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून झिरपणारा किंचित करंट अर्थच्या वायरीने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थ नसेल तर तो करंट लॅपटॉपच्या अंगावर येतो आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ऐकू येतो तोही 50 आणि त्याच्या पटीतला सूर. सॉफ्टवेअरमध्ये हा सूर कापून टाकता येतो, असंही मला सुचवलं गेलं. पण भरदार किकचा जीवच 50 हर्ट्झच्या आसपास असतो. घूं कापायचा तर किकही कापली जाते, मग एवढं मशीन घेऊन काय उपयोग?

याहून वाईट सल्ला म्हणजे प्लगची अर्थची पिन काढून टाका, किंवा मध्ये टू-पिनचा कन्व्हर्टर लावा. कृपा करून असं करू नका. घूं कदाचित जाईल, पण एखाद्या उपकरणात फेज बॉडीला लागली तर तो करंट जायला तुमच्या अंगाशिवाय दुसरी वाट उरणार नाही.

पहिला वायरमन आला, सॉकेट उघडून हिरवी वायर दाखवली आणि म्हणाला, "ताई, अर्थिंग आहे की. ही बघा वायर." पैसे घेऊन गेला. दुसरे वयस्कर होते. त्यांनी पिशवीतून होल्डरमध्ये लावलेला बल्ब काढला. त्याला दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरल्यावर बल्ब लख्ख पेटला, फेज आणि अर्थमध्ये धरल्यावर पेटलाच नाही. "वायर आहे, पण खाली कुठंच पोचत नाही," ते म्हणाले. ही चाचणी स्वतः करायला जाऊ नका, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. त्यांनी मल्टिमीटरही लावला. नीट अर्थिंग असेल तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांत जवळपास सारखेच 230 व्होल्ट दिसतात, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एक-दोन. आमच्याकडचे आकडे स्थिरच राहत नव्हते.

घरातलं वायरिंग आपलं, पण अर्थिंगचा खड्डा सोसायटीचा. इथून खरा त्रास सुरू झाला.

सेक्रेटरी काकांकडे गेले. त्यांचं पहिलं वाक्य: "अगं, इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही. तुझ्या त्या ढोलाच्या मशीनसाठी सोसायटीने खड्डा खणायचा का?" मी म्हटलं, काका, मशीनसाठी नाही, तुमच्या गिझरसाठीसुद्धा. ते म्हणाले, लेखी अर्ज दे. अर्ज दिला. मग कळलं, अर्ज कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवावा लागतो आणि मीटिंग महिन्यातून एकदा होते. त्या मीटिंगला कोरम झाला नाही. पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणातच वेळ गेला. चेअरमन म्हणाले, बिल्डरने केलेलं काम आहे, त्याला विचारा. बिल्डरचं ऑफिस कधीच बंद झालेलं. वीज कंपनीच्या ऑफिसात गेले तर उत्तर मिळालं, मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. नियमाने ते बरोबरच होतं, पण तेवढं एक वाक्य ऐकायला सकाळ गेली. आणि इकडे नाटकाची तालीम रंगात आलेली, दिग्दर्शक रोज विचारणार, ट्रॅक कधी देतेस?

या सगळ्यातून मिळालेलं शहाणपण असं. अर्जात "आवाज", "मशीन", "संगीत" हे शब्द घालूच नका. "इमारतीला अर्थिंग नाही, सभासदांच्या जिवाला धोका आहे" असं लिहा. अर्थिंगसाठी आयएस 3043 हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख करा. वायरमनकडून मीटरचे आकडे त्याच्या सहीनिशी कागदावर घ्या आणि अर्जाला जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि एकट्याने जाऊ नका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना वॉशिंग मशीनला हात लावला की झटका बसायचा. त्या बरेच दिवस रबरी चप्पल घालून कपडे धूत होत्या आणि हे असंच असतं असं समजत होत्या. त्या माझ्याबरोबर मीटिंगला आल्या, चप्पल घालून कपडे धुते असं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ठराव तिथल्या तिथे पास झाला. माझ्या मशीनने जे झालं नसतं ते काकूंच्या एका वाक्याने झालं.

जुना खड्डा शेवटी सापडला तो पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकखाली. पार्किंगचं काम करताना कुणीतरी तो बुजवून टाकला होता आणि वर येणारी पट्टी गंजून तुटली होती. नवा खड्डा केला, मीठ-कोळसा घातला, नवी पट्टी मीटरच्या पॅनेलपर्यंत आणली. मी माझ्या खर्चाने घरात 30 मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतली. वायरमनकाकांनी मीटर लावला, न्यूट्रल-अर्थमध्ये दीड व्होल्ट. मला इतका आनंद झाला की त्यांना चहा न देता जाऊच दिलं नाही.

घूं गेला. बारीक किरकिर मात्र तशीच राहिली, कारण तिचा अर्थिंगशी संबंध नव्हता. मशीन यूएसबीने लॅपटॉपला, इंटरफेसही यूएसबीने लॅपटॉपला, आणि मशीन ऑडिओ केबलने इंटरफेसला. ग्राउंडचं वर्तुळ पूर्ण झालं, आणि लॅपटॉपच्या आतला सगळा गोंगाट त्यातून फिरत होता. उपाय स्वस्त निघाला. मशीनची यूएसबी काढायची आणि टेम्पो पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलने (वाद्यांना एकमेकांचे इशारे पोचवणारी केबल) द्यायचा, इंटरफेसच्या मिडी आउटमधून मशीनच्या मिडी इनमध्ये. मिडीचं मानक 1983 सालचं, पण ते करणाऱ्यांनी हा विचार तेव्हाच करून ठेवलाय. मिडी इनच्या आत सिग्नल प्रकाशावरून पुढे जातो, दोन उपकरणांमध्ये विजेची जोडणीच होत नाही. म्हणून वर्तुळही होत नाही. मशीनवर सिंकचं बटण मिडीवर न्यायला विसरू नका, नाहीतर ते आपल्याच टेम्पोने चालत राहील. इंटरफेस घेताना त्याला ही गोल मिडी जागा आहे का ते आधी बघा. लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेलं बरं.

आता मशीनबद्दल. खुंट्यांच्या जागा मशीन लक्षात ठेवत नाही, लक्षात राहतात फक्त ठोके. त्यामुळे आवाज मनासारखा जमला की लगेच मोबाइलवर पॅनेलचा सरळ वरून फोटो काढा आणि फोटोला पॅटर्नचा नंबर द्या.

आपले ताल यात छान बसतात. प्रत्येक मात्रेला दोन स्टेप द्यायच्या आणि लास्ट स्टेपच्या बटणाने लांबी ठरवायची. दादऱ्याला 12, रूपकला 14, झपतालाला 20, म्हणजे सोळा स्टेपचं पहिलं पान संपून दुसऱ्या पानावर जावं लागतं. रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर असते, तिथे टाळी नसते, म्हणून पहिल्या स्टेपवर किक ठेवू नका. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे सातव्या आणि अकराव्या स्टेपवर ठेवा, लगेच रूपक ऐकू येतो. मशीनचा एक बीट चार स्टेपचा असतो, म्हणून या हिशेबात पडद्यावरच्या बीपीएमच्या (मिनिटाला किती बीट) दुप्पट मात्रा मिनिटाला पडतात. मिनिटाला 120 मात्रा हव्या असतील तर टेम्पो 60 लावायचा. पॉलिरिदम सुरू केलं की प्रत्येक आवाजाची लांबी वेगळी ठेवता येते. हाय-हॅट 14 वर आणि किक 16 वर ठेवली तर दोघं थेट 112 स्टेपनंतर एकत्र येतात. नाटकातल्या अस्वस्थ प्रसंगाला मी हेच वापरलं, आणि प्रेक्षकांना काय खटकतंय ते कळत नाही पण खटकत राहतं.

एफएम ड्रमचा डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करून थोडं एफएम वाढवलं की ढोलकीच्या शाईच्या बाजूची टणक धार मिळते. डग्ग्यावरचा घिस्सा मात्र यातून निघत नाही, त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका. कलर बटणाने आवाजाचा पोत बदलतो आणि तो एखाद्याच स्टेपवरही बसवता येतो. दर चौथ्या आवर्तनातल्या एका स्नेअरवर बसवून बघा. स्विंग (ठोके किंचित मागे सरकवून येणारा झोल) सगळ्यांना सरसकट न देता फक्त हाय-हॅटला दिलात तर किक घट्ट राहते.

मुंबईत 1982 साली चरणजित सिंग या वादकाने रोलँडच्या टीआर-808 या अ‍ॅनलॉग ड्रम मशीनच्या ठोक्यांवर राग बसवून रेकॉर्ड केले होते, हे मला मशीन घेतल्यावर कळलं. 808 तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. आपल्याकडे हे नवं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना हे जरूर सांगा.

डिस्टॉर्शनचं एक राहिलं. ते सगळ्या मिश्रणावर एकत्र बसतं, त्यामुळे वाढवलं की हळू आवाजही वर येतात आणि सिम्बल किकला गिळायला लागते. आधी सिम्बल आणि हॅट निम्म्यावर आणा, मग डिस्टॉर्शन चढवा. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगा. माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं. आमच्या वॉचमनकाकांकडे हे काम कमिटीच्या ठरावातच लिहून दिलं आहे.